दोन गोष्टी सोबत बदलतात, म्हणजे नेमके काय? सहसंबंधात्मक संशोधन पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत एम.एड., एम.ए. मानसशास्त्र किंवा समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला असलेले अनेक विद्यार्थी लघुशोधप्रबंधासाठी ‘अमुक आणि तमुक यांच्यातील सहसंबंधाचा अभ्यास’ असा विषय निवडतात. दोन प्रश्नावल्या, शंभर विद्यार्थी आणि शेवटी एक आकडा, एवढ्यावर काम भागेल असे त्यांना वाटते. या वाटेने मी स्वतः गेलो आहे आणि त्यानंतर अनेकांचे आराखडे वाचले आहेत. आकडा काढायला संगणकाला क्षणभरही लागत नाही, पण तो आकडा कशाचा आहे आणि त्याच्या आधारे कोणते वाक्य लिहिण्याचा तुम्हाला अधिकार आहे, हे ठरवण्यातच बहुतेक सगळे श्रम जातात. त्यामुळे या लेखात सूत्रापेक्षा सूत्राच्या आधीच्या आणि नंतरच्या निर्णयांना जास्त जागा दिली आहे.

समजायला सोपे जावे म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतो. ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गाने किंवा बसने महाविद्यालयात येणाऱ्या अकरावीच्या विद्यार्थ्यांचा रोजचा प्रवासाचा वेळ आणि त्यांच्या रात्रीच्या झोपेचा कालावधी यांच्यात संबंध आहे का, हा आपला प्रश्न आहे. उदाहरणात येणारे विद्यार्थ्यांचे आकडे समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत.

१. प्रश्न सहसंबंधाचाच आहे ना, हे आधी तपासा

सहसंबंधात्मक संशोधनात संशोधक काहीही घडवून आणत नाही. एका गटाला नवी अध्यापन पद्धती आणि दुसऱ्या गटाला जुनी, अशी विभागणी तुम्ही करत असाल तर तो प्रयोग झाला. दिघ्याहून येणाऱ्या आणि वाशीतच राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे दोन गट पाडून त्यांच्या झोपेच्या सरासरीची तुलना करणार असाल, तर ते तुलनात्मक सर्वेक्षण झाले. सहसंबंधासाठी एकाच व्यक्तीकडून दोन मोजमापे घ्यावी लागतात, ती दोन्ही कमी-जास्त होणारी असावी लागतात, आणि ती जशी आहेत तशीच नोंदवावी लागतात.

अशी पद्धत निवडण्याचे चांगले कारणही असते. कोणाचाही प्रवास मुद्दाम दोन तासांनी वाढवून झोपेवर काय परिणाम होतो ते पाहणे अशक्य आहे आणि अनुचितही आहे. जिथे प्रयोग करता येत नाही किंवा करू नये, तिथे सहसंबंध उपयोगी पडतो. आराखड्यात पद्धतीचे समर्थन लिहिताना हेच कारण लिहा. ‘वेळ कमी असल्यामुळे ही पद्धत निवडली’ हे कारण कोणत्याही समितीला पटणार नाही.

२. जे वाक्य लिहिता येणार नाही, ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा

आपल्या उदाहरणात ते वाक्य असे आहे: ‘लांबच्या प्रवासामुळे विद्यार्थ्यांची झोप कमी होते.’ सहसंबंध कितीही मोठा आला तरी हे वाक्य तुमच्या निष्कर्षात येऊ शकत नाही. जुलै महिन्यात ठाण्यात छत्र्यांची विक्री वाढते आणि हिवतापाचे रुग्णही वाढतात, पण छत्रीमुळे हिवताप होत नाही, कारण दोहोंच्या मागे पाऊस असतो. हे उदाहरण सगळ्यांना पटते. मात्र स्वतःच्या विषयात मागे उभा असलेला ‘पाऊस’ दिसेनासा होतो, कारण आपण विषय निवडतानाच मनाने निष्कर्ष ठरवलेला असतो.

प्रवास आणि झोप यांच्या मागेही असे तिसरे चल, म्हणजे कमी-जास्त होणारी तिसरी गोष्ट, सहज सापडते. घराची आर्थिक स्थिती बेताची असेल तर कुटुंब स्वस्त घरासाठी दूर राहते, मुलगा संध्याकाळी अर्धवेळ काम करतो, आणि लहान घरात बाकीचे जागे असेपर्यंत त्यालाही झोपता येत नाही. अशा वेळी प्रवास आणि झोप या दोन्ही गोष्टी तिसऱ्याच कारणाने बदलतात. दिशेचा प्रश्नही असतोच. अभ्यासाची सवय आणि गुण यांच्यात सहसंबंध आला, तर सवयीमुळे गुण वाढले की चांगल्या गुणांमुळे अभ्यासाची गोडी लागली, हे सहसंबंध गुणांक (दोन गोष्टी किती सोबत बदलतात हे दाखवणारा –१ ते +१ मधला आकडा) सांगत नाही. म्हणून ‘परिणाम’, ‘प्रभाव’, ‘मुळे’ आणि ‘भूमिका’ हे चार शब्द शीर्षकात, उद्दिष्टांत आणि परिकल्पनेत (माहिती घेण्यापूर्वी मांडलेल्या अंदाजात) शोधा व काढून टाका. त्यांच्या जागी ‘संबंध’, ‘सहसंबंध’ आणि ‘सोबत’ हे शब्द वापरा. उद्दिष्टांत ‘परिणाम अभ्यासणे’ असे लिहून पुढे सहसंबंध काढलेले आराखडे मी वारंवार पाहिले आहेत आणि मार्गदर्शकांकडून ते हमखास परत येतात.

३. चलांची कार्यात्मक व्याख्या करा

कार्यात्मक व्याख्या म्हणजे चल नेमके कसे मोजायचे ते ठरवणे. इथे घाई केली तर पुढचे सगळे काम पोकळ होते, म्हणून या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या.

‘प्रवासाचा वेळ’ म्हणजे काय? ठाणे ते नेरूळ गाडीत बसलेला वेळ, की घराचे दार ओढून घेतल्यापासून महाविद्यालयाच्या फाटकात पाऊल टाकेपर्यंतचा वेळ? घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या मुलीचा अर्ध्याहून अधिक वेळ टीएमटीच्या (ठाणे पालिकेच्या परिवहन सेवेच्या) बसची वाट पाहण्यात आणि स्थानकापर्यंत पोहोचण्यात जात असेल, तर गाडीतला वेळ मोजून तिच्याविषयी काहीच कळणार नाही. जाण्याचा वेळ घ्यायचा की येण्या-जाण्याचा मिळून? महाविद्यालय सुटल्यावर शिकवणीला जाणारे विद्यार्थी घरी परततात ते वेगळ्याच वाटेने आणि वेगळ्याच वेळी, त्यांचे काय करायचे? मुसळधार पावसात गाड्या रखडलेल्या दिवशी माहिती घेतली, तर विद्यार्थी त्याच दिवसाचा त्रास डोळ्यांसमोर ठेवून उत्तर देतील. म्हणून प्रश्नातच ‘गेल्या आठवड्यातील नेहमीच्या दिवशी’ असा उल्लेख हवा.

झोपेचेही तसेच आहे. ‘तुम्ही किती तास झोपता?’ असे विचारले की बहुतेक जण ‘सात’ किंवा ‘आठ’ लिहून मोकळे होतात. त्यापेक्षा ‘काल रात्री किती वाजता झोपलात?’ आणि ‘आज सकाळी किती वाजता उठलात?’ असे दोन प्रश्न विचारून वजाबाकी तुम्ही स्वतः करा. सलग पाच दिवसांची साधी नोंदवही भरून घेता आली तर आणखी चांगले. रविवारची झोप वेगळी नोंदवा, ती सरासरीत मिसळू नका.

व्याख्या नीट झाली की नाही हे ओळखायची कसोटी साधी आहे: तुमची व्याख्या वाचून तुमच्या वर्गमैत्रिणीने त्याच विद्यार्थ्याचे मोजमाप घेतले, तर तिला तुमच्याइतकाच आकडा मिळाला पाहिजे.

४. साधन निवडा आणि त्याची विश्वसनीयता पाहा

मिनिटे आणि तास थेट मोजता येतात. ताण, आत्मविश्वास, अभ्याससवयी, समायोजन ही चले तशी मोजता येत नाहीत, त्यांच्यासाठी चाचणी किंवा पदनिश्चयन श्रेणी (विधानांना कितपत सहमती आहे ते आकड्यांत नोंदवणारी यादी) लागते. प्रमाणित चाचणी उपलब्ध असेल तर तीच वापरा, मात्र तिच्या पुस्तिकेत तुमच्या विद्यार्थ्यांच्या वयोगटासाठी आणि भाषेसाठी मानके दिली आहेत का ते पाहा. इंग्रजी चाचणीचा मराठी अनुवाद केलात तर तो दुसऱ्या जाणकाराकडून परत इंग्रजीत करून घ्या आणि दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून पाहा. अनुवाद केलेल्या चाचणीला मूळ चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे मोजमापातले सातत्य, आपोआप लागू होत नाही, ती नव्याने काढावी लागते.

लायकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली पाच पर्यायांची श्रेणी स्वतः तयार करणार असाल, तर काही विधाने उलट अर्थाची ठेवावी लागतात, जसे ‘मला परीक्षेची भीती वाटत नाही’. अशा विधानांचे गुणांकन उलटे करायचे असते, म्हणजे ५ ला १ आणि ४ ला २. हे राहून गेले की एकूण गुण निरर्थक होतात आणि सहसंबंध शून्याकडे झुकतो. क्रॉनबॅक यांनी १९५१ मध्ये मांडलेला अल्फा गुणांक (श्रेणीतली विधाने एकमेकांशी किती जुळतात ते दाखवणारा विश्वसनीयतेचा आकडा) साधारण ०.७० च्या पुढे असावा, असा संकेत आहे.

विश्वसनीयतेला एवढे महत्त्व का, हे एका हिशेबावरून कळेल. दोन चलांमधला खरा सहसंबंध ०.५० आहे, पण एका साधनाची विश्वसनीयता ०.६० आणि दुसऱ्याची ०.७० आहे असे समजा. या दोहोंचा गुणाकार ०.४२ आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ०.६५ येते, म्हणून तुमच्या हाती येणारा सहसंबंध ०.५० गुणिले ०.६५, म्हणजे सुमारे ०.३२ एवढाच असेल. संबंध आहे तेवढाच असतो, साधन कच्चे असल्यामुळे तो कमी दिसतो.

५. नमुना: किती आणि कोण

‘किती’ हा प्रश्न सगळे विचारतात. मध्यम आकाराचा, म्हणजे ०.३० च्या आसपासचा सहसंबंध खरोखर असेल आणि तो ०.०५ सार्थकता स्तरावर (म्हणजे संबंध नसतानाही तो आहे असे ठरण्याची शक्यता ५ टक्के ठेवून) पकडण्याची ८० टक्के शक्यता हवी असेल, तर सुमारे ८५ व्यक्ती लागतात. सहसंबंध ०.५० असेल तर तीसेक पुरतात. तो ०.१० एवढाच असेल तर जवळजवळ ७८० लागतात. जी-पॉवर नावाच्या विनामूल्य संगणक प्रणालीत हा हिशेब करता येतो, आणि त्याचे पान आराखड्याला जोडले तर ‘शंभरच का घेतले?’ या प्रश्नाला उत्तर तयार राहते. अपुऱ्या भरलेल्या प्रश्नावल्या बाद होतातच, म्हणून हिशेबापेक्षा थोडे अधिक विद्यार्थी घ्या.

‘कोण’ हा प्रश्न कमी जण विचारतात, पण माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा आहे. कोपरखैरण्यातल्या एका महाविद्यालयात फक्त त्याच परिसरातले विद्यार्थी येत असतील, तर सगळ्यांचा प्रवास १० ते २५ मिनिटांत संपतो. या चलात फरकच नसल्यामुळे खरा संबंध असूनही गुणांक लहान येतो. विस्तार आखूडल्यामुळे होणारी ही फसगत फार वेळा दिसते. केवळ गुणवत्ता यादीतल्या विद्यार्थ्यांवर अभ्याससवयी आणि गुण यांचा सहसंबंध काढणारेही तिच्यातच सापडतात. महाविद्यालय निवडताना कळवा, दिवा, डोंबिवली, ऐरोली आणि पनवेल अशा जवळच्या व लांबच्या दोन्ही ठिकाणांहून विद्यार्थी येतात का, हे कार्यालयात आधी विचारून घ्या.

जो वर्ग मोकळा मिळाला त्याची माहिती घेतली, तर तो सोयीस्कर नमुना ठरतो. लघुशोधप्रबंधात तो चालतो, पण तसे स्पष्ट लिहा आणि निष्कर्ष ‘ठाणे जिल्ह्यातील विद्यार्थी’ असा ताणू नका. अनुपस्थित विद्यार्थ्यांचाही विचार करा. सर्वांत लांबून येणारे विद्यार्थी पहिल्या तासाला गैरहजर असण्याची शक्यता जास्त, म्हणून पहिल्या तासाला प्रश्नावली वाटली तर नेमके तेच निसटतात.

६. परवानग्या आणि सोबत ठेवायची कागदपत्रे

ठाणे आणि नवी मुंबई या दोन वेगळ्या महानगरपालिका आहेत. दोन्हीकडच्या पालिका शाळांत काम करायचे असेल तर दोन्ही शिक्षण विभागांकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. खासगी अनुदानित संस्थेत प्राचार्यांची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि काही ठिकाणी प्राचार्य तो अर्ज संस्थेच्या व्यवस्थापनाकडे पाठवतात, त्यात दिवस जातात. दिवाळीची सुट्टी आणि फेब्रुवारी-मार्चमधल्या बारावीच्या मंडळ परीक्षा लक्षात घेऊन अर्ज शक्य तितक्या लवकर करा.

अकरावीचे बहुतेक विद्यार्थी १८ वर्षांखालील असतात, त्यामुळे पालकांची संमती हवीच. ‘डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३’ हा कायदाही १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. पालकांनी होकार दिला तरी विद्यार्थ्याला नाही म्हणण्याची मोकळीक असली पाहिजे, आणि वर्गशिक्षक समोर उभे असताना तो ती वापरू शकत नाही, म्हणून शिक्षकांना नम्रपणे बाहेर थांबायची विनंती करा.

बरोबर असायला हवे ते असे:

- मार्गदर्शकांच्या सहीचे व महाविद्यालयाच्या शिक्क्याचे पत्र, दोन प्रतींत (एकीवर पोच घ्यावी)
- मंजूर झालेल्या संशोधन आराखड्याची प्रत
- प्रश्नावलीची प्रत (प्राचार्य ती वाचायला मागतातच)
- पालकांसाठी संमतिपत्र, मराठीत, आणि मुंब्र्यासारख्या भागात उर्दू किंवा हिंदीतही
- तुमचे महाविद्यालयीन ओळखपत्र
- सांकेतिक क्रमांकांची यादी (नावे आणि उत्तरे कधीही एका कागदावर ठेवू नका)

७. माहिती गोळा करणे आणि तक्त्यात भरणे

शक्य असेल तर प्रश्नावली कागदावर, वर्गात आणि तुमच्या उपस्थितीत भरून घ्या. गटावर ऑनलाइन फॉर्मचा दुवा टाकला की तो कोण भरतो आणि कोण टाळतो, यावर तुमचा ताबा राहत नाही. फॉर्मच वापरायचा असेल तर आकड्यांच्या प्रश्नाला मर्यादा घाला, म्हणजे झोपेच्या तासांसाठी १२ पेक्षा मोठा आकडा स्वीकारलाच जाणार नाही.

तक्ता भरताना प्रत्येक ओळीत एक विद्यार्थी आणि प्रत्येक स्तंभात एक चल ठेवा. या टप्प्यावरचे चार सापळे मी आवर्जून सांगतो, कारण ते संगणक दाखवत नाही. ‘साडेसहा’ किंवा ‘६ ते ७’ असे लिहिलेले घर संगणक मजकूर मानतो आणि ती जोडी न सांगता वगळतो, त्यामुळे १०० ऐवजी ८८ जणांचा सहसंबंध निघतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. उत्तर नसलेल्या घरात शून्य लिहिले तर तो विद्यार्थी मुळीच झोपत नाही असा अर्थ होतो, म्हणून ते घर रिकामेच ठेवा. तास आणि मिनिटे एकाच स्तंभात मिसळू नका. आणि चौथे, सर्वांत घातक म्हणजे, केवळ एकच स्तंभ चढत्या क्रमाने लावू नका. तसे केल्यास रमेशच्या प्रवासापुढे सलमाची झोप येऊन बसते आणि सगळ्या जोड्या तुटतात. मूळ फाइलची एक प्रत वेगळी जपून ठेवा आणि तिला हात लावू नका.

८. आधी आलेख, मग गुणांक

प्रवास आडव्या अक्षावर आणि झोप उभ्या अक्षावर घेऊन प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक ठिपका काढा. याला विकीर्ण आलेख म्हणतात. फ्रान्सिस अ‍ॅन्सकॉम्ब यांनी १९७३ मध्ये चार छोटे संच प्रसिद्ध केले. चारही संचांचा सहसंबंध ०.८२ च्या आसपास आहे, पण आलेख काढल्यावर एकात सरळ कल दिसतो, दुसऱ्यात वक्र, तिसऱ्यात एकच ठिपका रेषा वाकवतो, आणि चौथ्यात एका ठिपक्याशिवाय संबंधच उरत नाही. आलेख पाहिल्याशिवाय तुमचा आकडा यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे कळत नाही. कार्ल पिअर्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा गुणांक फक्त सरळ रेषेतला संबंध मोजतो. ताण आणि कामगिरी यांच्यासारखा आधी चढून मग उतरणारा संबंध असेल, तर तो शून्याजवळ येऊ शकतो.

आता एकदा हाताने गणित करून पाहा, कारण त्यातून गुणांकाचा अर्थ कायमचा समजतो. पाच विद्यार्थ्यांचा प्रवास २०, ४०, ६०, ८० आणि १०० मिनिटे आहे, आणि त्यांची झोप अनुक्रमे ८, ७, ७.५, ६ आणि ६.५ तास आहे. प्रवासाची सरासरी ६० आणि झोपेची ७. सरासरीपासूनचे अंतर प्रवासासाठी –४०, –२०, ०, २०, ४० आणि झोपेसाठी १, ०, ०.५, –१, –०.५ असे येते. जोडीजोडीने गुणाकार करून बेरीज केली की –८० मिळतात. प्रवासाच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ४००० आणि झोपेच्या अंतरांच्या वर्गांची २.५ आहे. त्यांचा गुणाकार १०००० आणि त्याचे वर्गमूळ १००. म्हणून गुणांक –८० भागिले १००, म्हणजे –०.८०. ऋण चिन्हाचा अर्थ एवढाच की एक वाढते तेव्हा दुसरे घटते. –०.८० हा सहसंबंध +०.५० पेक्षा दुबळा नसून अधिक बळकट आहे.

आता पाचव्या विद्यार्थ्याची झोप भरताना दशांशचिन्ह सुटले आणि ६.५ ऐवजी ६५ पडले असे समजा. तोच गुणांक –०.८० वरून +०.६९ होतो. एका चिन्हामुळे निष्कर्ष पूर्ण उलटतो, आणि आलेखावर मात्र तो ठिपका सगळ्यांपासून दूर पडलेला क्षणात दिसतो. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये मांडलेला क्रमांक सहसंबंध आकड्यांऐवजी त्यांचे क्रम वापरतो, म्हणून अशा टोकाच्या आकड्याने तो कमी हादरतो. मूळ संचात तोही –०.८० येतो आणि चुकीच्या आकड्यानंतर +०.१० होतो. तुमचे मोजमाप क्रमवाचक (फक्त पहिला, दुसरा असा क्रम सांगणारे) असेल, वितरण फार तिरके असेल किंवा टोकाचे आकडे खरे असून काढता येत नसतील, तर स्पिअरमन वापरा. दूरचा ठिपका केवळ निकाल बिघडवतो म्हणून पुसू नका. मूळ प्रश्नावली काढून तो नोंदणीतला दोष आहे की खरोखरचा विद्यार्थी आहे ते पाहा, आणि जे केले ते प्रबंधात लिहा.

प्रत्यक्ष कामासाठी लिब्रेऑफिस कॅल्क किंवा एक्सेलमधले कोरेल हे सूत्र पुरते. विश्वासाचा अंतराल (खरा सहसंबंध ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असण्याचा अंदाज आहे तो पट्टा), स्पिअरमन आणि अंशतः सहसंबंधही (तिसऱ्या चलाचा वाटा वगळून काढलेला) हवा असेल तर जॅस्प किंवा जमोवी या विनामूल्य प्रणाली वापरा. त्यासाठी महागडी प्रणाली विकत घ्यायची गरज नाही.

९. सार्थक आहे म्हणजे मोठा आहे, असे समजू नका

वरचा –०.८० सार्थक आहे का? पाच जणांच्या नमुन्यात स्वाधीनता मात्रा (जोड्यांच्या संख्येतून दोन वजा) ३ असते आणि ०.०५ स्तरावर कोष्टकातले मूल्य ०.८७८ आहे, म्हणून एवढा मोठा दिसणारा गुणांकही सार्थक ठरत नाही. उलट १०० जणांत ०.१९७ पुरतो आणि १००० जणांत ०.०६२ सुद्धा सार्थक ठरतो. सार्थकतेवर नमुन्याच्या आकाराचा असा मोठा ताबा असतो. म्हणून तीन गोष्टी नेहमी एकत्र द्या: गुणांक, विश्वासाचा अंतराल आणि गुणांकाचा वर्ग. १०० विद्यार्थ्यांत –०.३० आला, तर ९५ टक्के विश्वासाचा अंतराल साधारण –०.४७ ते –०.११ असतो, आणि वर्ग ०.०९, म्हणजे झोपेतल्या फरकाचा ९ टक्के भाग प्रवासाच्या फरकासोबत जातो. उरलेले ९१ टक्के इतर गोष्टींशी निगडित आहेत, हे वाक्य लिहायला कचरू नका. जेकब कोहेन यांनी सुचवलेल्या ०.१०, ०.३० आणि ०.५० या लहान, मध्यम व मोठ्या मर्यादा सोयीच्या आहेत, पण त्या प्रत्येक विषयाला सारख्याच लागू होत नाहीत.

दहा चले घेऊन सगळ्या जोड्यांचे सहसंबंध काढले तर ४५ गुणांक मिळतात, आणि प्रत्यक्षात कुठलाच संबंध नसला तरी ०.०५ स्तरावर त्यांपैकी दोन-तीन ‘सार्थक’ निघतील. नंतर तेवढेच उचलून त्यांच्याभोवती प्रबंध रचणे अप्रामाणिकपणाचे आहे. परिकल्पना माहिती हाती येण्यापूर्वी लिहा.

१०. गट मिसळण्यापूर्वी आणि आकडे उसने घेण्यापूर्वी

सकाळच्या सत्राचे विद्यार्थी सहसा जवळचे असतात, पण त्यांना पहाटे उठावे लागते. दुपारच्या सत्राचे लांबून येतात आणि उशिरा उठतात. सकाळच्या तिघांचा प्रवास २०, ४०, ६० मिनिटे व झोप ६.५, ६, ५.५ तास, आणि दुपारच्या तिघांचा प्रवास ६०, ८०, १०० मिनिटे व झोप ८, ७.५, ७ तास असे समजा. प्रत्येक गटात प्रवास वाढला की झोप घटते. तरीही सहाही जण एकत्र केले की गुणांक +०.३८ येतो, जणू जास्त प्रवास करणारे जास्त झोपतात. म्हणून सत्र, लिंग, शाखा असे गट आलेखावर वेगळ्या रंगांत दाखवा आणि गुणांक गटवार काढा. अर्धवेळ कामाच्या तासांसारखे तिसरे चल मोजलेले असेल, तर अंशतः सहसंबंध काढता येतो. प्रवास–झोप –०.४०, प्रवास–काम ०.५० आणि झोप–काम –०.६० असेल, तर कामाचा वाटा वगळल्यावर प्रवास–झोप सहसंबंध सुमारे –०.१४ उरतो. जे चल मोजलेच नाही, त्याचा वाटा मात्र कोणत्याही सूत्राने वगळता येत नाही, त्यामुळे मोजायच्या अशा तिसऱ्या चलांची यादी पायरी ३ मध्येच करा.

प्रभागांची किंवा तालुक्यांची सरासरी घेऊन सहसंबंध काढायचा मोह होतो, कारण जनगणनेचे आकडे तयार मिळतात. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवले की परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण आणि निरक्षरता यांचा राज्यांच्या पातळीवरचा सहसंबंध –०.५३ होता, तर व्यक्तींच्या पातळीवर तो +०.१२ होता. चिन्हच उलटे होते. प्रभागांविषयी आकडे असतील तर निष्कर्षही प्रभागांविषयीच लिहा.

११. लेखन आणि मौखिकी

निष्कर्षाचे वाक्य साधारण असे असावे: ‘अभ्यासलेल्या अकरावीच्या विद्यार्थ्यांमध्ये रोजच्या प्रवासाचा वेळ आणि रात्रीच्या झोपेचा कालावधी यांच्यात मध्यम, ऋण आणि सार्थक सहसंबंध आढळला, या अभ्यासातून कार्यकारणभाव सांगता येत नाही.’ सहसंबंध सार्थक आला नाही तर ‘शून्य परिकल्पनेचा त्याग करता येत नाही’ असे लिहा (शून्य परिकल्पना म्हणजे ‘दोहोंत सहसंबंध नाही’ हे गृहीतक). ‘संबंध नाही हे सिद्ध झाले’ हे वाक्य चूक आहे. तसा निकाल आला म्हणून प्रबंध कमअस्सल ठरत नाही आणि कोणी तसे सुचवले तरी आकड्यांशी खेळू नका. पूर्वसंशोधनाचा आढावा घेताना शोधगंगा या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध मोफत वाचता येतात, पण परिच्छेद उचलू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपुढचे साम्य कारवाईला पात्र ठरते.

मौखिकीत परीक्षक तुमचाच विकीर्ण आलेख पुढे करून एखाद्या दूरच्या ठिपक्यावर बोट ठेवतात आणि हा विद्यार्थी कोण, असे विचारतात. त्या सांकेतिक क्रमांकाची मूळ प्रश्नावली त्या दिवशी सोबत ठेवा. दुसरा हमखास प्रश्न असतो, ‘मग प्रवास कमी केला तर झोप वाढेल का?’ त्यावर, हे या अभ्यासातून सांगता येत नाही, आणि सांगायचे असेल तर घर किंवा महाविद्यालय बदललेल्या विद्यार्थ्यांची बदलापूर्वीची व नंतरची नोंद काही महिने ठेवावी लागेल, असे उत्तर द्या.

प्रबंध सादर झाल्यावर निष्कर्षांचे एक पानी मराठी टिपण ज्या महाविद्यालयाने वर्ग उपलब्ध करून दिला तिथे नेऊन द्या. त्यात एकाही विद्यार्थ्याचे नाव नसावे आणि सत्रांच्या वेळांविषयी तुमची काही सूचना असेल, तर ती निष्कर्षांपासून वेगळ्या परिच्छेदात, सूचना म्हणूनच लिहावी.